आतड्यापासून मुठेपर्यंत : प्रतिरोधक जनुकांचा प्रवास

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा पेनिसिलिन निकामी करणारे विकर जीवाणूंपाशी असते हे शास्त्रज्ञांना कळून पंधरा वर्षे लोटली होती. विकर म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी ऑक्सफर्डमध्ये 1940 मध्ये नोंदवलेले हे विकर त्यांना मिळाले ते ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जीवाणूत, आणि तेही पेनिसिलिन पहिल्या रुग्णाला टोचले जाण्याआधी. मातीतील बुरश्या आणि जीवाणू एकमेकांविरुद्ध अशी रसायने लक्षावधी वर्षे वापरत आले आहेत, त्यामुळे त्यांना तोंड देणारी जनुकेही तितकीच जुनी आहेत. माणसाने औषधांचा वापर वाढवून जे केले ते एवढेच, की ही दुर्मीळ जनुके ज्यांच्यापाशी होती त्यांनाच जगण्याची संधी दिली.

ही निवड सर्वाधिक वेगाने जेथे होते त्या जागांपैकी एक म्हणजे माणसाचे मोठे आतडे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक येथेच, एकमेकांना खेटून राहतात. घशाच्या किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी घेतलेली गोळी या निरुपद्रवी रहिवाशांवरही काम करते, कारण औषधाला रोगकारक आणि सहवासी असा भेद करता येत नाही. इतक्या मोठ्या संख्येत पेशीविभाजनाच्या वेळी जनुकांची नक्कल करताना चुका होतच असतात, म्हणजेच उत्परिवर्तने घडत असतात, आणि एखादी चूक जीवाणूला औषधापासून वाचवणारी ठरते. परंतु या मार्गाने मिळालेला प्रतिरोध आईकडून लेकीकडे जावा तसा फक्त त्या जीवाणूच्या वंशातच उतरतो. आज रुग्णालयांना भेडसावणारा बहुऔषधी प्रतिरोध मुख्यतः वेगळ्या वाटेने येतो.

ही वेगळी वाट जपानमध्ये उघडकीस आली. 1950च्या दशकात तेथे रक्ती आव पाडणारे शिगेला जीवाणू सल्फा औषधे, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकाच वेळी दाद देईनासे झाले, आणि त्याच रुग्णांच्या मलातील ई. कोलायमध्येही नेमका हाच चौपदरी प्रतिरोध आढळला. चार स्वतंत्र उत्परिवर्तने दोन वेगळ्या प्रजातींत एकदमच घडणे जवळजवळ अशक्य असल्याने, प्रतिरोधाची सामग्री एका प्रजातीतून दुसरीत जात असावी असे अनुमान निघाले आणि 1959 मध्ये जपानी संशोधकांनी ते प्रयोगाने सिद्ध केले. ही सामग्री म्हणजे प्लाझ्मिड : मुख्य गुणसूत्रापासून अलग असलेले, सहसा वर्तुळाकार असलेले आणि स्वतःची नक्कल स्वतः करणारे डीएनए. ज्याच्याकडे असे प्लाझ्मिड असते तो जीवाणू शेजाऱ्याशी सूक्ष्म नळीसारख्या रचनेने जोडला जातो आणि प्लाझ्मिडची एक प्रत त्याला देतो. या क्रियेला संयुग्मन म्हणतात. प्लाझ्मिडवर ट्रान्सपोझॉन, म्हणजे डीएनएच्या एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसणारे तुकडे असतात, तसेच इंटिग्रॉन, म्हणजे सुटी जनुके पकडून एका ओळीत बसवणाऱ्या रचना असतात, आणि त्यामुळे एकाच प्लाझ्मिडवर अनेक औषधांविरुद्धची जनुके साठत जातात. याचा परिणाम गंभीर आहे, कारण त्यांपैकी कोणतेही एक औषध वापरले तरी उरलेल्या सर्वांविरुद्धचा प्रतिरोधही आपोआप टिकून राहतो.

औषध केवळ निवडच करत नाही, तर काही वेळा देवाणघेवाणीलाच चालना देते. आतड्यात विपुल असणाऱ्या बॅक्टेरॉइड्स गटात टेट्रासायक्लिनच्या अल्प मात्रेने जनुकांचे हस्तांतरण शंभर ते हजार पटींनी वाढते, असे अमेरिकेत अबिगेल सेलियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. तेथे टेट्रासायक्लिन-प्रतिरोधी जनुक बाळगणाऱ्या बॅक्टेरॉइड्सचे प्रमाण 1970 पूर्वीच्या सुमारे 30 टक्क्यांवरून 1990च्या दशकात 80 टक्क्यांच्या वर गेले. एकदा आलेले जनुक औषध थांबल्यावर सहजी निघून जात नाही, हे त्यातून स्पष्ट होते. आणि हे एकाच रुग्णाच्या पोटात घडताना 2008 मध्ये दिसले : नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीतील क्लेब्सिएला जीवाणूत एनडीएम-1 हे कार्बापेनेम गटातील राखीव औषधे मोडून टाकणारे विकर सापडले, आणि त्याच रुग्णाच्या मलातील ई. कोलायमध्येही तेच जनुक होते.

मल जेथे जातो तेथे ही जनुके जातात, आणि येथे पुण्याचा प्रश्न सुरू होतो. गोथेनबर्ग विद्यापीठातील नचिकेत मराठे, जोआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी मुठा नदीच्या गाळातील सर्व डीएनए एकत्रितपणे वाचून केलेला अभ्यास 2017 मध्ये ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या बाजूच्या गाळाच्या तुलनेत शहरातील गाळात प्रतिरोधक जनुकांचे प्रमाण 30 पटींपर्यंत जास्त आढळले; त्यांत एनडीएमसह कार्बापेनेम मोडणाऱ्या अनेक विकरांची जनुके होती आणि कोलिस्टिन या अखेरच्या आधाराच्या औषधाला निष्प्रभ करणारे एमसीआर-1 जनुकही होते. संशोधकांनी बोट ठेवले ते प्रक्रिया न करता सोडलेल्या शहरी सांडपाण्यावर. याचा सरळ अर्थ असा, की मुठेच्या गाळात जे वाचले गेले ते बहुतांशी पुणेकरांच्या घराघरांतून आणि रुग्णालयांतून वाहून आलेल्या जीवाणूंचे वैद्यकीय टिपण होते.

मुठा पुढे मुळेला आणि मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमेवर उजनी धरण आहे आणि त्या पाण्यावर सोलापूरसारखे शहर अवलंबून आहे. मुंढव्याहून बेबी कालव्यात सोडले जाणारे पाणी हवेली-दौंडच्या शेतात जाते. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे जीवाणूंची संख्या पुष्कळ घटवतात, म्हणून 2016 मध्ये मंजूर झालेल्या नदीसुधार योजनेतील 11 केंद्रे ही आरोग्यव्यवस्थेचाच भाग मानावी लागतात. मात्र या प्रक्रियेतून जनुके पूर्णपणे नाहीशी होत नाहीत आणि साठलेल्या मैल्यात ती टिकून राहतात.

प्रतिजैविकांच्या विक्रीवर निर्बंध आणणारे औषधांचे एच-1 परिशिष्ट 2014 मध्ये लागू झाले आणि पशुपालनातील कोलिस्टिनवर 2019 मध्ये बंदी आली. दोन्ही पावले योग्य आहेत, पण त्यांचा रोख औषध कोणाला मिळते यावर आहे, बाहेर पडलेल्या जनुकाचे काय होते यावर नाही. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची गुणवत्ता प्राणवायूची गरज, तरंगते घनकण आणि मलजन्य जीवाणू यांवरून ठरवली जाते. प्रतिरोधक जनुके या मोजमापात नाहीत. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या सुसज्ज प्रयोगशाळा आहेत आणि नदीच्या पाण्यातील जनुके मोजण्याचे तंत्र आता दुर्मीळ राहिलेले नाही. महापालिकेने एनडीएम आणि एमसीआर-1 यांसारख्या मोजक्या जनुकांची नियमित तपासणी सुरू करून तिचे आकडे नागरिकांसमोर आणि खालच्या अंगाच्या गावांसमोर ठेवावेत.