कोरिया : माणसं तीच, कायदे वेगळे

दक्षिण कोरियाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'मुळात ती माणसंच कष्टाळू' आणि 'एक कडक हुकूमशहा आला, देश सुधारला'. दोन्ही वाक्यं उत्तर कोरियाला लावून पाहावीत.

गैरसमज : संस्कृतीमुळेच दक्षिण श्रीमंत झाली.

वस्तुस्थिती : १९४५मध्ये ३८व्या अक्षांशावर देश दुभंगला, तेव्हा दोन्हीकडे भाषा एक, कन्फ्यूशियसचा वारसा एक, शिक्षणाची ओढही एकच. उलट मोठी जलविद्युत केंद्रं आणि हंगनमचा खत कारखाना उत्तरेच्या वाट्याला आला. दक्षिणेकडे मुख्यतः भातशेती. मे १९४८मध्ये उत्तरेने वीज तोडली आणि दक्षिणेचे हाल झाले. १९६०च्या आसपासही उत्तरच पुढे होती. गंमत म्हणजे, चीनबद्दल लिहिताना जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने हाच कन्फ्यूशियन वारसा भांडवलशाहीच्या आड येतो असं म्हटलं होतं!

गैरसमज : प्रगती हुकूमशाहीने केली.

वस्तुस्थिती : हुकूमशाही उत्तरेतही होती आणि कितीतरी कडक. दक्षिणेत १९५०च्या जमीन सुधारणेने सुमारे ३ हेक्टरांची कमाल मर्यादा घातली. कुळं मालक झाली, जमीनदारांची पकड सुटली. पार्क चुंग-ही यांचं लष्करी बंड त्यानंतरचं, १९६१चं. त्यांनी बँका सरकारच्या मुठीत घेतल्या, उद्योगांना स्वस्त कर्ज दिलं, पण अट घातली निर्यातीची. सरकारी साहेबाला खूश करता येतं. परदेशातलं गिऱ्हाईक माल वाईट निघाला की पाठ फिरवतं. कारखाने खासगी, नफाही मालकाचा. उत्तरेत ना असे खासगी कारखाने होते, ना मालकाचा नफा.

याची किंमत कामगारांनी मोजली. संघटना दडपल्या गेल्या. पुढे लष्करशहा चुन डू-ह्वान यांच्या काळात, १९८०मध्ये, ग्वांगजूत लष्कराने नागरिकांवर गोळ्या झाडल्या. १९८७मध्ये जनआंदोलनाने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक मिळवली आणि त्यानंतरही अर्थव्यवस्था वाढतच राहिली. १९९७चं आर्थिक संकट आलं, त्यात सत्तेच्या सावलीत वाढलेल्या बड्या उद्योगसमूहांच्या कर्जाचा मोठा वाटा होता. हुकूमशाहीच्या भक्तांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

गैरसमज : म्हणजे संस्कृतीला काही किंमतच नाही.

वस्तुस्थिती : आहे. जमीन हाती आलेल्या कुळाला मुलांना शिकवणं परवडू लागलं, तेव्हा शिक्षणाची जुनी ओढ कामी आली. शाळा उत्तरेतही होत्या. पण तिथे शिकलेल्याला स्वतःचा कारखाना काढायची मुभा नव्हती. आज दक्षिणेचं दरडोई उत्पन्न उत्तरेच्या वीस पटींहून जास्त असल्याचा अंदाज आहे.