आपोआप लागणारे कुलूप

सचिनहून खानदेशाकडे निघालेल्या मराठी कुटुंबाची गाडी कशी भरलेली असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. डिक्कीत फराळाचे डबे, पायांशी पाण्याची बाटली, मागच्या आसनावर आजी, आई आणि दोघींच्या मध्ये न मावणारे एखादे चपळ बालक. पलसाणा, बारडोली, व्यारा, सोनगड अशी गावे मागे पडतात, नवापूरला मराठी पाट्या दिसू लागतात आणि पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत याच घाटात आमच्या सव्वातीन वर्षांच्या नातवाने चालत्या गाडीचा मागचा दरवाजा उघडला.

सुदैवाने पुढे मालाने लादलेला एक ट्रक कण्हत चढत होता आणि त्याच्यामागे आमची गाडी जवळजवळ पावलांच्या वेगाने जात होती. आमच्या कन्येने त्याचा सदरा पकडला. दरवाजा जेमतेम वीतभर उघडला होता. जावईबापूंनी गाडी कडेला घेतली. बराच वेळ कोणीच बोलले नाही.

धुळ्यास पोहोचल्यावर आम्ही पहिली चौकशी केली ती दरवाजाच्या कुलपाची. गाडीने वेग घेतला की चारही दरवाजे आपोआप बंद व्हावेत, अशी सोय हल्ली असते ना? जावईबापू ओशाळून म्हणाले, “आहे, बाबा. पण ती चालू केलेली नाही.” आम्ही ती तत्काळ चालू करावयास लावली आणि निश्चिंत झालो. पुढे मे महिन्यात त्या निश्चिंतीची परीक्षा झाली. ती कथा सांगण्यापूर्वी या कुलपाची ओळख करून देणे उचित होईल.

आमच्या लहानपणी अ‍ॅम्बॅसेडर आणि फियाट या गाड्यांच्या दरवाजावर एक छोटी खुंटी असे. ती दाबली की कुलूप लागे, वर ओढली की निघे. प्रत्येक दरवाजाची खुंटी निराळी, आणि ती दाबणारा हातही निराळा. पुढे ‘सेंट्रल लॉकिंग’ आले. प्रत्येक दरवाजाच्या पोटात एक लहानशी विद्युत मोटर बसली. चालकाने एक बटण दाबले, की या मोटारी आपापल्या कड्या एकदम सरकवू लागल्या. आपोआप लागणारे कुलूप ही त्याच्याच पुढची पायरी. चाकांची गती मोजणारे यंत्र गाडीच्या नियंत्रकास वेग कळवीत असते. साधारणतः ताशी १५ ते २० किलोमीटरचा वेग गाठला की नियंत्रक स्वतःच ते बटण दाबल्यासारखी आज्ञा देतो आणि ‘खट्’ असा आवाज येतो. काही गाड्यांत गिअर बदलताच कुलूप लागते. किल्ली बंद केली की ते आपण होऊन उघडावे, अशीही योजना पुष्कळ गाड्यांत असते. अपघातात हवेची उशी फुगविणारा संवेदकच अनेक गाड्यांत दरवाजांची कुलपेही सोडवितो, म्हणजे बाहेरून मदतीस येणाऱ्यास दार उघडता यावे.

ही सोय चालू कशी करावी, याचे एकच एक उत्तर नाही. ज्या गाडीत पडदा आहे तीत बहुधा ‘सेटिंग्ज’मध्ये वाहनाच्या विभागात दरवाजांच्या कुलपाचा पर्याय सापडतो. काही गाड्यांत किल्ली चालू ठेवून कुलपाचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. काहींत ते काम दुरुस्तीशाळेतील यंत्रावरच होते. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका हाच यातला गुरू. आपल्याकडे ती पुस्तिका विम्याच्या कागदांखाली कायमची निजलेली असते. तिला एकदा तरी जागे करावे. सोय चालू केल्यावर मोकळ्या रस्त्यावर थोडे अंतर जाऊन तो ‘खट्’ ऐकावा. मग गाडी थांबवून प्रत्येक दरवाजा आतून स्वतःच्या हाताने उघडून पाहावा. हे शेवटचे वाक्य आम्हांस त्या दिवाळीत ठाऊक नव्हते.

एक भेद येथे लक्षात ठेवावा. मागच्या दरवाजांना ‘चाइल्ड लॉक’ नावाची आणखी एक कडी असते. दरवाजा उघडला की त्याच्या कडेला, खटक्याजवळ, तिचा लहानसा खटका दिसतो. तो लावला की कुलूप उघडे असले तरी आतील मूठ काम करीत नाही. दार केवळ बाहेरूनच उघडते. कोंडाईबारीत आमचे रक्षण खरोखर याच खटक्याने केले असते, कारण वेगाने लागलेले कुलूप पुष्कळ गाड्यांत आतून सोडविता येते. परंतु हाच खटका लावला असता मागे बसलेली आजी संकटकाळी दार उघडू शकणार नाही, हेही तितकेच खरे. एकट्या प्रवाशास कोंडून ठेवण्यासाठी याचा दुरुपयोग होतो, हे ध्यानी घेऊन भाड्याच्या प्रवासी मोटारींत चाइल्ड लॉक असू नये, असा नियम केंद्र सरकारने १ जुलै २०१९ पासून केला. त्याच दिवसापासून नव्या मोटारींत सेंट्रल लॉकिंग हाताने मोडून दार उघडण्याची सोय असणेही बंधनकारक झाले.

या नियमामागील भय मुंबईने फार पूर्वी अनुभवले होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि रस्त्यांवर तुंबलेल्या पाण्यात काही माणसे बंद गाड्यांतच मृत्यू पावली. पाणी चढले की विजेवर चालणाऱ्या काचा दगा देऊ शकतात आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारही उघडत नाही. गाडीत छोटी हातोडी ठेवावी, हा सल्ला त्यानंतर पुष्कळांनी मनावर घेतला. तापीचा पूर पाहिलेल्या सुरतकरांनी तर तो विसरू नये.

आता ती मे महिन्याची कथा. कन्या आणि नातू सुटीसाठी आमच्याकडे आले होते. सकाळी साडेदहाची वेळ, गाडी दारासमोर उन्हात. कन्येने नातवास मागच्या आसनावर बसविले. तो रडू लागला म्हणून किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हाती दिला, दार लावले आणि राहिलेली पिशवी आणावयास ती दोन पावले मागे वळली. पोराने रिमोटवरचे बटण दाबले. चारही दरवाजे बंद. किल्ली आत, मूल आत, काचा वर, आणि मागच्या दारांना कोंडाईबारीनंतर आम्हीच आग्रहाने लावविलेला चाइल्ड लॉक. दुसरी किल्ली धुळ्यास जावईबापूंच्या कपाटात.

पहिली काही मिनिटे आम्ही हसतच होतो. काचेवर टकटक करून “बटण दाब, बाळा” असे सांगत होतो. तो मजेने दुसरेच काहीतरी दाबी. मग त्याला घाम फुटला, आणि तो रडू लागला. आम्ही एका मेकॅनिकला दूरध्वनी केला. तो म्हणाला, अर्ध्या तासात येतो. आम्ही पोलादी फूटपट्टी काचेच्या फटीत घालून पाहिली. खरे सांगावयाचे तर काच फोडण्याचा विचार आमच्या मनात आला होता आणि आम्ही तो दूर सारला होता. गाडी जावयाची, काच महाग!

समोरच्या घरातील वृद्ध गुजराती बाई, ज्यांना सारी आळी ‘बा’ म्हणते, लोखंडी खलाचा बत्ता घेऊन आल्या. आम्ही “थांबा” म्हणालो. त्या म्हणाल्या, “काच जोईए छे के छोकरो?” आणि मुलापासून दूरच्या पुढच्या दाराच्या काचेवर, तिच्या कोपऱ्यापाशी, त्यांनी तीन घाव घातले. नातू बाहेर आला तेव्हा त्याचे अंग तापासारखे भाजत होते, मुख लालबुंद झाले होते. डॉक्टरांनी त्याला दिवसभर देखरेखीखाली ठेवले. तो वाचला. पण फूटपट्टी घेऊन उभे असलेले आमचे ते रूप आम्हांस अद्याप विसरता येत नाही.

वृत्तपत्रे अशा प्रसंगी ‘गुदमरून मृत्यू’ असे लिहितात. उभ्या गाडीत पहिला वैरी मात्र हवेची टंचाई नसून उष्णता हा असतो. ऊन काचेतून आत शिरते, आसने तापवते आणि ती उष्णता बाहेर निघत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील डॉक्टरांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस तापमान असताना बंद गाडीच्या आतील तापमान एका तासात सरासरी २२ अंशांनी वाढले, आणि त्यातील चार पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवून विशेष फरक पडला नाही. लहान मुलाचे शरीर तर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. मेकॅनिकचा ‘अर्धा तास’ म्हणजे काय, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल.

सर्वांचेच नशीब आमच्यासारखे नसते. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन बालके बेपत्ता झाली. शोधाशोध झाली, आणि दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृतावस्थेत आढळली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्याच गुजरातेत, अमरेली जिल्ह्यातील रांढिया गावी, मध्य प्रदेशातून आलेल्या शेतमजूर कुटुंबाची चार मुले शेतमालकाच्या गाडीत अडकून गेली. आईबाप शेतावर कामाला गेले होते. सचिनच्या औद्योगिक वसाहतीभोवती पोटासाठी परगावाहून आलेली अशी कितीतरी कुटुंबे राहतात, आणि त्यांची मुले उभ्या गाड्यांच्या आडोशाला खेळतात. गाडी आपली असते, मूल दुसऱ्याचे असते.

म्हणून आमचे निवेदन एवढेच. आपोआप लागणारे कुलूप जरूर चालू करावे. आमच्या घरी ते आजही चालू आहे. पण किल्ली हे खेळणे नव्हे, ती मुलाच्या हाती देऊ नये. उभी गाडी अंगणात असली तरी कुलूपबंद असावी, म्हणजे मुले आत शिरणारच नाहीत. आणि ती बंद करण्यापूर्वी मागचे आसन डोळ्यांनी पाहावे. दुसरी किल्ली त्याच गावात, विश्वासाच्या घरी ठेवावी. मूल दिसेनासे झाले तर पाण्याच्या टाकीबरोबरच आसपासच्या गाड्याही पहिल्या प्रथम पाहाव्यात. मूल आत अडकलेच, तर एकाने १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे आणि दुसऱ्याने बाजूची काच कोपऱ्यात फोडावी. समोरची मोठी काच फोडू जाऊ नये, ती दुपदरी असते आणि सहजी फुटत नाही.

आणि मुलांना उघडणे शिकवावे. गेल्या वर्षी आम्ही शाळेच्या अंगणात एका शिक्षकांची गाडी उभी केली आणि लहान वर्गांतील प्रत्येक मुलास आत बसविले. कुलपाचे बटण कोणते, पुढच्या आसनावर सरकून पुढचे दार कसे उघडावे, आणि काहीच जमले नाही तर भोंगा कसा दाबून धरावा, कारण बहुतेक गाड्यांत तो किल्लीवाचूनही वाजतो, एवढे तीनच धडे. सारी सकाळ शाळेत भोंगे वाजत होते. आळीतून कोणी तक्रार केली नाही. उलट समोरच्या बा आपल्या पणतूला घेऊन आल्या आणि त्यालाही त्यांनी रांगेत उभे केले.