प्रवाळांची खरेदी : चित्र आणि सत्य

काचेच्या पात्रांत खारें पाणी भरून त्यांत जिवंत प्रवाळ वाढविण्याचा छंद अमेरिका, इंग्लंड आदि देशांत बराच रूढ आहे. तेथें हे प्रवाळ आंतरजालावरील चित्रें पाहून मागवितां येतात. आणि चित्र पाहून माल घ्यावयाचा म्हटला, कीं लबाडीला वाव मिळतोच. तिकडे राहणाऱ्या आप्तांना आणि येथील हौशी गृहस्थांनाही या व्यवहारांतील खाचाखोचा ठाऊक असणें हिताचें होय.

प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो चिमुकल्या प्राण्यांचा समूह आहे. पुष्कळ जातींच्या शरीरांत सूक्ष्म शैवालें वसतात व प्रकाशाच्या साहाय्यानें तयार केलेल्या अन्नाचा वांटा आपल्या यजमानास देतात. शैवालांचा तपकिरी रंग आणि प्राण्याच्या अंगचीं रंगद्रव्यें मिळून प्रवाळाचा रंग ठरतो. यांतील कांहीं द्रव्यें निळ्या प्रकाशांत झगझगतात. म्हणून निळ्या दिव्याखालीं घेतलेल्या छायाचित्रांत साधा हिरवट तुकडाही पाचूसारखा चमकतो, आणि पांढऱ्या उजेडांत तोच निस्तेज भासतो. उलट, उष्णतेनें वा अन्य त्रासानें शैवालें निघून गेलीं, म्हणजे प्रवाळ फिकट पडतो. असा मरणोन्मुख जीव कधीं दुर्मिळ छटेचा म्हणून, तर कधीं कृत्रिम रंग चढवून विकला जातो.

यावर उपाय अवघड नाहीं. पांढऱ्या प्रकाशांतील छायाचित्र मागावें. शेजारीं मोजपट्टी व त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावयास सांगावी. म्हणजे दुसऱ्याचें जुनें चित्र खपवितां येत नाहीं व आकारही कळतो. तुकड्याची कड न्याहाळावी : नुकत्याच कापलेल्या तुकड्याची कड उघडी व पांढरी दिसते, तर रुजलेल्याचें मांस आधारावर पसरूं लागलेलें असतें. भपकेदार नांवाला न भुलतां जातीचें शास्त्रीय नांव विचारावें. प्रवाळ वाटेंत मेल्यास पैसे कोणत्या अटीवर परत मिळतील, तें आगाऊ लिहून घ्यावें. जो यांस टाळाटाळ करील, त्याचा नाद सोडावा.

परंतु भारतांतील गृहस्थानें या सर्वांआधीं एक प्रश्न विचारला पाहिजे : हा प्रवाळ आला कोठून? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं सर्व पाषाण-प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्नि-प्रवाळ व समुद्रपंखे समाविष्ट झाले. त्यांची चोरटी खरेदी-विक्री हा गंभीर गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊं शकते. परदेशांतील पाषाण-प्रवाळांचा व्यापारही आंतरराष्ट्रीय कराराखालीं असल्यामुळें परवान्यावांचून करतां येत नाहीं. ‘कागदपत्रें मागाहून पाठवूं’ असें म्हणणारा विक्रेता आपली जोखीम ग्राहकाच्या गळ्यांत बांधीत असतो.

रंगाच्या फसवणुकींत पैसे जातात; मूळस्थानाच्या फसवणुकींत अब्रू जाते, आणि समुद्राचें नुकसान होतें तें निराळेंच. गोलाकार प्रवाळांच्या कित्येक जाती वर्षाकाठीं जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. छिन्नीच्या एका घावानें तुटलेला गोळा पुनः तेवढा होण्यास एक पिढी लोटते. ज्याला प्रवाळांची ओढ आहे, त्यानें मालवणास जावें. तेथील समुद्रांत, जेथें १९८७ सालीं सागरी अभयारण्य घोषित झालें, पाण्यांत तोंड बुडवून ते जागच्या जागीं पाहतां येतात. त्यांना हात मात्र लावूं नये.