विश्लेषण : लाखाचा रोटाव्हेटर बांधावर का गंजतो? ट्रॅक्टर-अवजारांचे शेड बांधताना काय पाहावे?

पेरणी आटोपली की पेरणी यंत्र गोठ्यामागे जाते, रोटाव्हेटर बाभळीखाली थांबतो आणि पलटी नांगर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गवतात बुडून जातो. राज्यातल्या बहुतेक गावांत हे चित्र दिसते. कर्ज काढून, अनुदानाची वाट पाहून घेतलेली ही अवजारे वर्षातले मोजके दिवस राबतात आणि उरलेले महिने नुसती उभी असतात. ती किती वर्षे टिकणार, हे शेतातल्या कामाइतकेच ती उभी कुठे राहतात यावरही ठरते. शेड बांधायचे तर किती मोठे, कोणत्या दिशेला, आत काय हवे आणि पैसे कमी असतील तर सुरुवात कुठून करायची, याचा हा आढावा.

उघड्यावर अवजारांचे नेमके काय होते?

हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर गंज चढण्याचा वेग वाढतो. पावसाळ्यात ही मर्यादा रोजच ओलांडली जाते. त्यात अवजाराला चिकटलेला चिखल ओल धरून ठेवतो. पेरणी यंत्राच्या पेटीत उरलेले खत तर हवेतले पाणी ओढून घेते आणि पत्रा आतून खात जाते. कोकणात खाऱ्या हवेची भर पडते.

वरून दिसणारा गंज हा या नुकसानीचा लहान भाग. खरा खर्च आत लपलेला असतो. हायड्रॉलिक सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे पडले की तो आत-बाहेर होताना सील फाडतो आणि तेल गळू लागते. रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरले तर तेल दुधाळ होते आणि बेअरिंग जाते. उन्हाने टायरला भेगा पडतात, पट्टे कडक होतात, प्लास्टिकच्या बी-नळ्या तडकतात. हा बिघाड लक्षात येतो तो नेमका वापसा आल्यावर. तेव्हा गावातल्या सगळ्यांनाच मिस्त्री हवा असतो.

हा प्रश्न आता मोठा का झाला?

केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले. त्यात अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या शेतकऱ्यांना ठरलेल्या कमाल मर्यादेत ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के अनुदानाची रचना आहे. महाडीबीटी पोर्टलवरून अर्ज होऊ लागले. शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांच्या अवजारे बँका उभ्या राहिल्या. पूर्वी बैलाची अवजारे ओसरीच्या कोपऱ्यात मावत. आज एका रोटाव्हेटरचेच वजन ४०० किलोच्या पुढे जाते. अवजार घेण्याचा हिशेब होतो, पण ते ठेवायचे कुठे हा हिशेब बहुधा राहून जातो.

शेड किती मोठे हवे?

जागा ठरवण्याआधी यादी करावी आणि प्रत्येक अवजार टेपने मोजावे. मध्यम शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण १२ बाय ६ फूट, दांडीसह ट्रॉली १५ बाय ६, रोटाव्हेटर ७ बाय ४, नऊ फणी कल्टिव्हेटर साडेसात बाय साडेतीन, पलटी नांगर ७ बाय ४ आणि पेरणी यंत्र ८ बाय ५ फूट धरले, तर नुसती टेकायची जागा सुमारे २८४ चौरस फूट होते. फिरायला, जोडायला तिच्या निम्मी जागा आणखी धरली की ४२६ चौरस फूट.

पण केवळ क्षेत्रफळावर शेड बांधले तर फसगत होते. चौकोनी शेडमध्ये अवजारे एकामागे एक रचली जातात आणि मागचे हवे असेल तेव्हा पुढची तीन बाहेर काढावी लागतात. महिनाभरात कंटाळून सगळे पुन्हा बांधावर येते. म्हणून शेड लांबट असावे, खोली कमी असावी आणि लांब बाजू उघडी ठेवावी.

वरच्या यादीसाठी ४२ बाय १८ फुटांचे, तीन खणांचे शेड सोयीचे ठरते. पहिले दोन खण १२ फुटी, एक ट्रॅक्टरला आणि एक ट्रॉलीला. हंगामातले अवजार ट्रॅक्टरला जोडलेले असले तरी दोन्हींची लांबी १६-१७ फुटांत बसते. तिसरा खण १८ फुटी. त्यात दोन अवजारे शेजारी-शेजारी, अशा दोन रांगा होतात. पुढच्या रांगेत चालू हंगामाची अवजारे, मागच्या रांगेत पुढच्या हंगामाची. वर्षातून दोनदा रांगा बदलल्या की काम भागते. मागच्या भिंतीलगत चार-पाच फूट उरतात, तिथे फळ्या आणि कामाचे बाकडे येते.

अवजार ठेवताना जोडणीची बाजू उघड्या दिशेला हवी. म्हणजे ट्रॅक्टर मागे घेतला की थेट जोडता येते. मळणी यंत्र किंवा ब्लोअर घ्यायचा विचार असेल, तर एका टोकाची भिंत काढता येईल अशी ठेवून पुढे खण वाढवण्याची सोय आताच करावी.

जागा आणि दिशा कशी निवडावी?

राज्यात मोसमी पाऊस प्रामुख्याने पश्चिम आणि नैऋत्येकडून झोडपतो. त्यामुळे पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला ठेवणे बहुतेक ठिकाणी योग्य. मात्र ओढ्याकाठी किंवा घाटमाथ्याला वाऱ्याची स्थानिक दिशा वेगळी असू शकते. ती पाहूनच अंतिम निर्णय घ्यावा.

जागा उंचवट्याची, घराच्या नजरेच्या टप्प्यात आणि बारमाही रस्त्याला लागून असावी. विजेच्या तारांखाली शेड नको. समोर किमान ३० फुटांचे मोकळे अंगण हवे. ट्रॉलीसह वळायचे असेल तर ४० फूट बरे. अंगणाच्या कडेला अवजार धुण्यासाठी छोटा पक्का ओटा आणि पाण्याला वाट ठेवावी. चिखलासकट अवजार आत आले तर शेडचा निम्मा फायदा संपतो.

पाया आणि जमिनीत कुठे चुकते?

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. थेट तिच्यावर ओतलेले काँक्रीट दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते आणि खांब तिरपे होतात. म्हणून काळा थर काढून मुरूम भरावा, पाणी मारून थराथराने दाबावा. खांबांचे खड्डे मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत घ्यावेत.

जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच आणि समोर आठ फूट लांबीचा उतार असावा. ट्रॅक्टर उभा राहणार तिथे सहा इंच, अवजारांखाली चार-पाच इंच काँक्रीट पुरते. जमिनीला उघड्या बाजूकडे दोन इंचांचा ढाळ दिला की पाणी साचत नाही. काँक्रीट परवडत नसेल तर दाबलेला मुरूम आणि अवजाराखाली लाकडी फळ्या चालतात. लोखंड थेट ओल्या मातीवर टेकू नये, एवढे पाळावे.

छप्पर वाऱ्याने का उडते?

एक बाजू उघडी असलेल्या शेडमध्ये वारा आत शिरतो आणि छपराला खालून वर ढकलतो. त्याच वेळी छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्रे वर ओढतो. वळवाच्या वादळात असे दुहेरी बळ आले की पत्रे उडतात. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात हजारो घरांची छपरे अशीच गेली.

त्यामुळे छप्पर केवळ पेलणारे असून चालत नाही, ते खाली बांधून ठेवलेले असावे लागते. खांब पायातील अँकर बोल्टला घट्ट हवेत. रबरी वॉशरचे स्क्रू वापरावेत आणि कडेच्या ओळींत ते अधिक जवळ मारावेत, कारण उचलणारे बळ कडांवर सर्वाधिक असते. वाऱ्याच्या भारासाठी ‘आयएस ८७५’ या भारतीय मानकाचा भाग ३ आहे. फॅब्रिकेटरने ‘नेहमीचा पाइप’ सुचवला तरी किनारपट्टीवर आणि मोकळ्या माळावर अभियंत्याकडून मापे तपासून घ्यावीत.

समोर १३ आणि मागे १० फूट उंची ठेवली तर १८ फुटांत तीन फुटांचा उतार मिळतो. पाणी मागे पडते आणि तोंडाशी चिखल होत नाही. समोर तीन फुटांची वळचण काढावी. मागे पन्हाळ लावली तर आणखी एक फायदा आहे. ४२ बाय १८ फूट म्हणजे सुमारे ७० चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागात, २० टक्के गळती धरूनही, वर्षाला जवळपास ३९ हजार लिटर पाणी शेततळ्यात किंवा टाकीत जाऊ शकते.

आत काय असावे, काय नसावे?

कामाचे बाकडे, त्यावर घट्ट बसवलेला व्हाइस, पाने अडकवायची फळी, ग्रीस गन, हवा भरायचा पंप आणि नट-बोल्ट-पिनांसाठी झाकणाचे डबे, एवढ्यावर घरची बहुतेक दुरुस्ती होते. फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवली तर कोणता परत आला नाही ते लगेच कळते. दर सात-आठ पत्र्यांमागे एक पारदर्शक पत्रा टाकल्यास दिवसा दिवा लागत नाही. विजेची जोडणी घेताना अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा गळती-संरक्षक स्विच आवश्यक आहे. ओल्या जमिनीवर वेल्डिंग किंवा पंप चालवताना तोच जीव वाचवतो.

रोटाव्हेटर उचलण्यासाठी छपराच्या पाइपाला चेन कप्पी लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. छपराची रचना पत्र्यांचा आणि वाऱ्याचा भार धरून केलेली असते, ४०० किलोचे टांगते वजन धरून नाही. उचलण्यासाठी वेगळी चौकट करून घ्यावी. केवळ हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली कोणीही शिरू नये. उभे करताना अवजार पूर्ण जमिनीवर टेकवावे, नांगराला स्टँड लावावा. शेतावर मुले खेळतात, हे विसरू नये.

कडबा, खत, कीटकनाशके आणि डिझेलचे कॅन या शेडमध्ये नकोत. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर तापलेला असतो आणि कडब्याला ठिणगी पुरते. खतामुळे गंज वाढतो, तर धान्य आणि कडब्यामागे येणारे उंदीर वायरी कुरतडतात. दाराजवळ सहा किलोचे कोरड्या पावडरचे अग्निशामक यंत्र टांगावे.

परवानगी आणि कर्जाचे काय?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतावरील इमारतीच्या व्याख्येत शेती अवजारे ठेवण्यासाठीच्या बांधकामाचा समावेश आहे. मात्र महापालिका, नगरपालिका किंवा नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत आणि त्यालगत परवानगीचे नियम वेगळे असतात. पाया खणण्याआधी तलाठी आणि ग्रामपंचायतीकडे चौकशी करून लेखी नोंद ठेवावी.

अवजारे बँक चालवणाऱ्या गटांसाठी २०२० मध्ये सुरू झालेला कृषी पायाभूत सुविधा निधी हा एक मार्ग आहे. त्यात २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत कमाल ७ वर्षांसाठी मिळते. प्रकल्प अहवालात यंत्रांसोबत शेडचा खर्च सुरुवातीलाच दाखवून बँकेशी बोलावे.

सगळे एकदम परवडत नसेल तर?

टप्प्यांचा क्रम ठरवावा. पहिल्या वर्षी पाया, खांब आणि छप्पर. याच तीन गोष्टींत काटकसर नको, कारण त्या नंतर बदलता येत नाहीत. दुसऱ्या वर्षी पश्चिमेची भिंत किंवा पत्रा आणि ट्रॅक्टरखालचे काँक्रीट. त्यानंतर बाजूच्या भिंती, वीज, बाकडे आणि शेवटी दार. तोवर चोरीची भीती असेल तर अवजारांतून साखळी ओवून कुलूप लावावे.

ज्यांना यंदा एकही खांब उभा करता येणार नाही, त्यांनाही एक काम आजच करता येईल. अवजार धुऊन पूर्ण वाळवावे, खताची पेटी रिकामी करावी, फाळ आणि पात्यांना वापरलेल्या तेलाचा हात द्यावा, ग्रीस भरावे, पट्टे सैल करावेत आणि अवजार फळ्यांवर टेकवून ताडपत्रीने झाकावे. ताडपत्री जमिनीपर्यंत आवळू नये. खालून हवा खेळली नाही तर आत कोंडलेली ओलच अवजार गंजवते.