हजार हातांचा खलनायक

पुराणकथेतील प्रतिनायक थाटामाटाने अवतरावा, हा जुना संकेत आहे. परंतु सहस्रार्जुनाची ऐट काही निराळीच. माहिष्मतीचा हा राजा जलक्रीडेत हजार बाहूंनी नर्मदा अडवितो. तुंबलेल्या पाण्यात शिवपूजेला बसलेल्या रावणाची फुले वाहून जातात, आणि चवताळून आलेला रावणच बंदिवान होतो! असा वीर पुढे जमदग्नीची कामधेनू हिरावतो, तेव्हा परशुराम त्याचे बाहू छाटतो. ते बाहू मात्र दत्तात्रेयाच्या वराचे होते. नांदेड जिल्ह्यातील माहूरला दत्तशिखर आणि परशुरामाची माता रेणुका यांची स्थाने एकाच डोंगररांगेत आहेत. वरदाता आणि वैऱ्याची आई शेजारी नांदतात. आणि नर्मदाकाठी महेश्वरला सहस्रार्जुनाचेही मंदिर आहे. तेथे तो खलनायक नाही.