दहिवरातली तंबाखू

आमचे गाव कागल तालुक्यात आहे. निपाणी आम्हांला जवळ, म्हणून आमच्याकडे विडीची तंबाखू पिकते. तंबाखू खाल्ली की रोग होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण नुसते तिच्या रानात काम करूनही आजारी पडतात, हे मला दिवाळीनंतर कळलं.

माझी आई दुसऱ्याच्या रानात रोजगाराने जाते. तंबाखूचे शेंडे खुडले की पाने जाड होतात. मग बगलेत फुटवे येतात, तेही मोडावे लागतात. काम सकाळी लवकर सुरू होते. तेव्हा पानांवर दहिवर असते. आईची साडी कमरेपर्यंत भिजते आणि हात काळे, चिकट होतात.

एके दिवशी संध्याकाळी आईला ओकाऱ्या सुरू झाल्या. डोकं गरगरत होतं. चूल मीच पेटवली. आज्जी म्हणाली, "पित्त झालंय. नाहीतर ऊन लागलं असंल." पण थंडीत ऊन कसे लागेल? दुसऱ्या दिवशी आई तशीच कामाला गेली, कारण हजेरी बुडते. आठ दिवसांनी परत तसेच झाले. मग दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी आधी विचारले, "काम काय करता?" मग त्यांनी समजावून सांगितले. तंबाखूच्या पानात निकोटीन नावाचे विष असते. ते पाण्यात विरघळते. दहिवरात, पावसात किंवा घामात उतरून ते कातडीतून अंगात जाते. हात खरचटलेला असला तर जास्तच जाते. मग मळमळ, ओकारी, चक्कर, डोकेदुखी होते. लहान मुलांचे अंग लहान, म्हणून त्यांना तेवढेच विष जास्त बाधते. आमच्या वर्गातली पाच मुले सुट्टीत फुटवे काढायला जातात. मीही जात होते.

गुरुजी म्हणाले, १९७० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात डॉक्टरांनी हा आजार लिहून ठेवला. म्हणजे आईचं पित्त अमेरिकेतपण होतं! गुजरातच्या तंबाखू मजुरांचीही अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तपासणी केली आहे.

आज्जीने तीस वर्षे हेच काम केले, तिला कधी ओकारी झाली नाही. ती मिश्री लावते. तिच्या अंगाला त्या विषाची सवय झाली आहे, म्हणून कळत नाही. पण मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो, म्हणून तो काही उपाय नव्हे. आज्जीला हे सांगितलं तर ती रागावली.

तंबाखूवर मावा आणि अळी पडते, तेव्हा औषध मारतात. औषध म्हणतात, पण ते विषच. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहरी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे चांगला असे मला वाटायचे, तसे नाही. फवारताना कुणाला त्रास झाला तर दवाखान्यात डबा बरोबर न्यावा, म्हणजे डॉक्टरांना विष कोणते ते कळते.

आता आई बाबांचा जुना लांब बाह्यांचा शर्ट घालते आणि कमरेला प्लॅस्टिकचा कागद बांधते. साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावत नाही. घरी आल्यावर आधी साडी बदलते. सगळ्या बायकांनी मिळून मालकांना सांगितले, की दहिवर वाळल्यावर रानात शिरू. मालक आधी नको म्हणाले, मग कबूल झाले. आता बायका सकाळी बांधावर बसून ऊन वर यायची वाट बघतात. तेवढा वेळ मालक संध्याकाळी भरून घेतात, म्हणून आई अंधार पडल्यावर घरी येते.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी