क्रीडा प्रक्षेपण : केबल व डीटीएच सेवांचा तौलनिक विचार (विशेष संदर्भ : कराड परिसर)

प्रस्तावना :
कराड तालुक्यातील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकाविले, तेव्हा भारतात दूरचित्रवाणी अवतरलेली नव्हती. त्यांची कुस्ती गावकऱ्यांना पाहता येणे शक्यच नव्हते. आज त्याच परिसरातील प्रेक्षकापुढे केबल, खाजगी डीटीएच व दूरदर्शनची 'फ्री डिश' असे पर्याय आहेत. यांपैकी कोणत्या मार्गाने कोणता खेळ दिसतो, हे केवळ तंत्रज्ञानावर ठरत नाही, तर कायद्यावरही ठरते. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा विचार केला आहे.

तांत्रिक बाजू :
डीटीएचची तबकडी सुमारे ३६,००० कि.मी. उंचीवरील उपग्रहाकडून केयू बँडमधील संदेश थेट ग्रहण करते. फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून चालते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. कराडहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून अंदाजे ६० अंशांवर येतो. त्यामुळे पाटणच्या डोंगरखोऱ्यांतही डोंगराचा अडथळा सहसा होत नाही. अडथळा होतो तो अंगणातील झाडाचा. मात्र केयू बँडच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. ऐन सामन्यात चित्र गोठते ते यामुळेच. केबलचालकाचे मुख्य केंद्र प्रायः सी बँडवर मोठ्या तबकड्यांनी संदेश घेते, त्याला पावसाचा उपद्रव कमी. परंतु केबलच्या मार्गावरील वर्धकांना वीज लागते. घरी इन्व्हर्टर असूनही चौकातील वीज गेली तर केबल बंद पडते, डीटीएच चालू राहते. पावसाळ्यात या दोन्ही आपत्ती एकदमच येतात, हा भाग निराळा.

कायदेशीर बाजू :
'हिरो कप' स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. या निकालाने दूरदर्शनची मक्तेदारी संपली. पण हक्क विकत घेणाऱ्या खाजगी वाहिन्यांकडे सामने गेल्यावर गरीब प्रेक्षकाचे काय, हा प्रश्न उरला. त्यावर उत्तर म्हणून २००७ चा क्रीडा प्रक्षेपण संदेश सहभाग कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्यांचे थेट संदेश प्रसार भारतीला देणे हक्कधारकांवर बंधनकारक झाले.

येथेच सर्वसामान्यांना न उमगणारी मेख आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हे संदेश प्रसार भारतीने केवळ आपल्या भूस्थित व डीटीएच जाळ्यावरच दाखवावेत. केबलचालकांमार्फत ते पुढे जाऊ नयेत. परिणामी वाडीवरचा फ्री डिशधारक एक पैसाही मासिक शुल्क न भरता भारताचा एकदिवसीय सामना पाहतो, तर दरमहा पैसे मोजणाऱ्या शहरी केबलग्राहकाला तोच सामना दूरदर्शनवर दिसत नाही. त्याला क्रीडावाहिनी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. हक्कधारकाचे उत्पन्न राखण्याचा न्यायालयाचा तर्क सुसंगत आहे, तरी 'सार्वजनिक' या शब्दाची व्याप्ती त्यामुळे आकुंचित झाली, असे म्हणावे लागते. आयपीएल तर या यादीत नाहीच.

खर्च व निवड :
ट्रायच्या २०१९ च्या दररचनेने प्रत्येक वाहिनीची सुटी किंमत जाहीर करणे सक्तीचे केले आणि पहिल्या १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये (कर वगळून) अशी जाळेशुल्काची कमाल मर्यादा घातली. २०२४ मध्ये ही मर्यादा उठविण्यात आली. वाहिनीची सुटी किंमत केबल व डीटीएच यांस सारखीच असल्याने खेळापुरता फरक उरतो तो जाळेशुल्काचा आणि सेवेचा. ज्याला एकच क्रीडावाहिनी हवी, त्याने समूहाऐवजी ती सुटी मागून पाहावी. विक्रेता ती आपणहून क्वचितच सुचवितो.

केबलचे एक बलस्थान मात्र उपग्रहाला साधत नाही. गावच्या यात्रेतील कुस्तीचे मैदान वा तालुक्यातील कबड्डी स्पर्धा स्थानिक केबलवाहिनीवर दाखविता येते. देशभर एकच संदेश पाठविणाऱ्या डीटीएचला एका तालुक्यापुरती वाहिनी परवडत नाही. गोळेश्वरच्या आजच्या मल्लाची लढत घरबसल्या दिसायची असेल, तर ती बहुधा या तारेवरूनच दिसेल.